नवगावचे बेने इस्रायल

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बेने इस्रायल हा ज्यू समाज आपला उगम असा सांगतो. काहीजण तो प्राचीन इस्रायलच्या हरवलेल्या जमातींशी जोडतात. पुरावा तुटपुंजा आहे, पण सांभाळलेला आचार पाहून मन भरून येतं. धंदा तेल गाळण्याचा, पण शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. आडनावं गावांवरून: किहीमकर, रोहेकर, पेणकर. नवस फेडताना मलिद्याचं ताट मांडतात: भिजवलेले गोड पोहे, वर खवलेला नारळ, भोवती फळं, आणि एलियाहू संदेष्ट्याचं स्मरण. मुंबईत १७९६ मध्ये याच समाजाच्या सॅम्युअल दिवेकरांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, उभारलं. इस्रायलमध्ये गेलेल्यांना मात्र पूर्ण ज्यू म्हणून मान्यतेसाठी १९६४ पर्यंत झगडावं लागलं.