लाखेवरचा आवाज

छत्तीसगडच्या रानांत पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक वस्ती करतो. झाडाचा रस शोषून तो स्वतःभोवती राळेसारखे कवच निर्माण करतो; तीच लाख. रायपूरच्या दक्षिणेस असलेली धमतरी ही या मालाची जुनी पेठ. बांगड्यांना आणि पत्रांवरील मोहरांना लागणारी ही लाख विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणखी एका कामी आली. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचा तापवून केलेला लगदा साच्यात दाबला, की ध्वनिमुद्रिका तयार होई. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या काळ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे.

जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा वाटा हिंदुस्थानातून जाई. १९३४ साली वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरून ‘अटिला’ आणि ‘लायन’ ही टोपणनावे धारण करणारे दोन कॅलिप्सो-गायक ध्वनिमुद्रणासाठी न्यूयॉर्कला गेले. राजकारणावर आणि गावातील भानगडींवर चटकदार कवने रचणारे हे गायक म्हणजे आपल्या शाहिरांचे दूरचे भाऊबंदच. त्यांनाही तीच तीन मिनिटांची वेस होती. मंडपात रात्रभर रंगणारे कवन तबकडीवर यायचे, तर त्याला कात्री लागणे अटळ होते.

त्याच सुमारास मराठीतही एक तरुण गायक या तीन मिनिटांपुढे उभा होता. त्याचे नाव जी. एन्. जोशी. १९०९ साली जन्मलेल्या आणि नागपुरात कायद्याचा अभ्यास केलेल्या या गायकाला रायपूरचे मराठी लोक परका मानणार नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यविस्तारापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, आणि १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूरच होती.

तोपर्यंतच्या मराठी ध्वनिमुद्रिका बहुतांशी नाट्यपदांच्या, ख्याल-ठुमरीच्या किंवा लावण्यांच्या असत. नाट्यपदाला रंगभूमीचा आधार असे. नाटक पाहिलेल्या माणसाला ते पद ऐकताच सारा प्रसंग आठवे. ख्यालाचे मात्र तीन मिनिटांत हाल होत. आलापाचा श्वास पुरता घेतला जातो न जातो, तोच तान घेऊन गाणे गुंडाळावे लागे. रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची गोडी लोकांना लावली होती. पण कविता गाऊन दाखवणे वेगळे आणि तिचे स्वतंत्र गीत होणे वेगळे.

जोशी यांनी विदर्भातलेच, मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता निवडली. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत निघालेली ती ध्वनिमुद्रिका मराठी भावगीताचा आरंभ म्हणून ओळखली जाते. तिचे मर्म निवडीत आहे. कविता मुळातच लहान, एका भावावर उभी. तिला तीन मिनिटे अपुरी पडत नाहीत आणि जास्तही होत नाहीत. ख्यालाला जी भिंत आडवी येत होती, तीच भावगीताला चौकट झाली. गायकाने तान आवरती घेतली आणि शब्द पुढे केला. उस्तादी गाण्याच्या अभिमान्यांना हे किरकोळ वाटले असेल, पण ज्याला रागाचे नावही ठाऊक नाही, त्याच्या ओठांवर एका जिवंत कवीची कविता जाऊन बसली, हे यश किरकोळ खचित नव्हे.

मुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. एक स्वर घसरला किंवा कुणी खाकरले, की चकती वाया. मुद्रित झालेले लगेच ऐकून पाहावे, तर सुई मेण उकरून टाकी. अशा एकाग्रतेत जोशी यांनी पुढे युगुलगीतेही गायिली. त्यांच्या सहगायिका होत्या गंगूबाई हनगल; त्या वेळी तबकडीवर त्यांचे नाव ‘गांधारी’ असे छापले जाई.

आणि मग १९३८ साली या गायकाने दिशा बदलली. ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. लोकप्रिय गायकाने दुसऱ्यांचे गाणे टिपण्याची चाकरी पत्करावी, याचे काहींना नवल वाटेल. नुकसान झाले ते खरेच, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ध्वनिक्षेपकापुढे उभ्या असलेल्या कलावंताच्या छातीत काय धडधडते, हे ज्याने स्वतः सोसले आहे, असा माणूस काचेपलीकडे असणे ही थोर कलावंतांची मोठीच सोय होती. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ यांच्यासारख्यांच्या आठवणी त्यांनी पुढे ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या. कुणाचा रुसवा काढायचा, कुणाला घरी जाऊन आर्जवे करायची, हे कुठल्याही यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

दरम्यान महायुद्ध आले. जपान युद्धात उतरल्यावर हिंदुस्थानची लाख समुद्रापार जाणे कठीण झाले आणि १९४२ साली अमेरिकी सरकारने ध्वनिमुद्रिकांसाठी लागणाऱ्या लाखेत ७० टक्के कपात केली. रानातल्या एका कीटकावाचून परदेशातले गाणे अडले! कारखानदारांनी पर्याय शोधले. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ ध्वनिमुद्रिका अवतरली. ती व्हिनाइल नावाच्या कृत्रिम पदार्थाची होती आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावत होते.

तीन मिनिटांत गाणे बसविण्यात हयात घालविलेल्या जोशी यांनी या नव्या ऐसपैस जागेचाही उपयोग करून दाखविला. १९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मुद्रिका तयार झाली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांनी काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस वेळेच्या रागांतून उभा केला. ती जगभर गेली. तिच्यात शब्द नाही आणि लाखेचा कणही नाही.

जोशी १९९४ साली निवर्तले. त्यांच्या तरुणपणीच्या तबकड्या मात्र लाखेच्याच. हातून निसटली, की अशी तबकडी काचेसारखी फुटते. म्हणून संग्राहक ती दोन्ही हातांनी, कडेला धरून उचलतात. तबकडीच्या मध्यावर गायकाचे नाव वाचता येते. तिच्यातली लाख कोणत्या रानातून आली, हे तेथे छापलेले नसते.