पत्र्याची तुतारी : बालगीतकार जी. पी. राजरत्नम

'तुतारी' हा शब्द कानी पडताच मराठी श्रोत्यांस केशवसुतांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. 1893 साली लिहिल्या गेलेल्या त्या कवितेतील तुतारी निद्रिस्त समाजाला जागे करण्यासाठी फुंकावयाची होती. कन्नड भाषिकांच्या मनात मात्र याच शब्दाने अगदी निराळे चित्र उभे राहते. तेथील 'तुत्तूरी' रंगीत पत्र्याची आहे. कस्तूरी नावाचा एक मुलगा ती विकत घेतो, अशी चीज आपल्याखेरीज कोणापाशीच नाही अशा ऐटीत रस्त्याने वाजवीत जातो, आणि संध्याकाळी तळ्याकाठी ती त्याच्या हातून निसटून पाण्यात पडते. तिच्या गळ्यात पाणी शिरते, रंग पाण्याबरोबर निघून जातो. गीत तेथेच संपते. गर्वाचे घर खाली, असा उपदेश कोणी वडीलधारा येऊन करीत नाही. ते काम तळ्याचे पाणीच करून टाकते.

हे गीत लिहिणाऱ्या जी. पी. राजरत्नम यांचे आयुष्य मुख्यतः बंगळूर आणि म्हैसूर या दोन नगरांच्या परिसरात गेले. घराणे श्रीवैष्णव, मूळचे गुंडलुपेटचे. वडील शिक्षक होते. आईचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे आजीने त्यांना वाढविले. घरात ठेवलेले नाव राज अय्यंगार असे होते; परंतु शाळेत असतानाच या मुलाने कारकुनाला गळ घालून दप्तरात ते 'राजरत्नम' असे बदलून घेतले. पुढील आयुष्यातील त्यांचा स्वतंत्र बाणा येथेच दिसतो.

1931 च्या सुमारास त्यांनी कन्नड विषयात एम. ए. केले. त्या काळी म्हैसूर संस्थानात कन्नडची ही पदवी नवीन होती आणि तिच्या बळावर नोकरी मिळणे दुरापास्त होते. तेव्हा हा पदवीधर वडिलांना हातभार लावण्यासाठी बालवाडीत व माध्यमिक वर्गांवर शिकवू लागला. मुलांकडून म्हणवून घ्यावयाची क्रमिक पुस्तकातील गीते त्यांना रुचेनात. म्हणून त्यांनी स्वतःच गीते रचावयास घेतली. 'तुत्तूरी' हा संग्रह त्यातूनच सिद्ध झाला.

आईविना वाढलेल्या माणसाने हरवलेले बालपण कवितेत शोधले, असा सिद्धान्त येथे सहज मांडता येईल. चरित्रकारांना असल्या सिद्धान्तांचा मोह फार. परंतु उपलब्ध हकिगत त्याला दुजोरा देत नाही. 1933 मध्ये, म्हणजे जवळजवळ याच सुमारास, साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहीत होते. त्या पुस्तकाचा उगम निःसंशय मातेच्या स्मृतीत आहे. राजरत्नम यांची प्रेरणा अधिक साधी, किंबहुना व्यावहारिक होती. समोर मुले बसलेली होती आणि त्यांना देण्याजोगे गीत पुस्तकात नव्हते.

त्या गीतांत काय नसावे, हे राजरत्नम यांच्या रचनांवरून ताडता येते. त्यांचे 'नायि मरी', म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, हे गीत केवळ प्रश्नोत्तरांचे आहे. खाऊ हवा का, कशासाठी हवा, चोर आला तर काय करशील, असे विचारले जाते आणि पिल्लू उत्तरे देते. भुंकण्याचा आवाज तर कोणत्याही भाषेतील मुलाला शिकवावा लागत नाही. वर्गातील निम्म्या मुलांनी विचारावे, निम्म्यांनी भुंकावे, अशीच जणू ही योजना! मुलांविषयी लिहिणे निराळे आणि मुलांच्या तोंडी बसेल असे लिहिणे निराळे. त्यांच्याआधी मंगळूरच्या बाजूस पंजे मंगेशरावांनी ही वाट पाडली होती. तेही शिक्षणखात्यातलेच होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

हेच कान राजरत्नम यांनी दुसऱ्या, अगदी अनपेक्षित स्थळीही लावले. 'रत्नन पदगळु' या त्यांच्या गाजलेल्या संग्रहाचा नायक रत्न हा दारुडा आहे. पत्नी पुटनंजीवर त्याचे निस्सीम प्रेम आहे आणि कन्नड भाषेसाठी तो नरकयातनाही पत्करावयास तयार आहे. तो बोलतो ती भाषा पंडितांची नव्हे, गुत्त्यातली आणि रस्त्यावरची. लिहिणारा स्वतः दारूला न शिवणारा, सोवळ्या घरातला. आणि तरीही आपल्या नावाचा उत्तरार्ध त्याने या दारुड्याला देऊन टाकला. बालगीते आणि मद्यप्याची पदे एकाच लेखणीतून कशी उतरली, याचे अनेकांना नवल वाटते. वस्तुतः दोन्हींमागील वृत्ती एकच आहे. ज्यांच्या बोलण्याला छापील पानावर जागा नव्हती, त्यांना ती मिळवून देणे हा तिचा गाभा होय.

दरम्यान उपजीविकेचा प्रश्न सुटलेला नव्हता. कामाच्या शोधात ते हैदराबादेस जाऊन निराश होऊन परतले. अशा वेळी मास्ती वेंकटेश अय्यंगार यांनी त्यांना साहित्यसेवेकडे वळविले. राजरत्नम यांनी पाली ग्रंथांचा अभ्यास केला आणि बौद्ध वाङ्मय कन्नडमध्ये आणले. जातककथांमधून पशुपक्षी बोलतात, हे लक्षात घेतले असता पिल्लाशी संवाद करणाऱ्या कवीचे तिकडे ओढले जाणे विसंगत वाटत नाही. पुढे कन्नडचे अध्यापक म्हणून म्हैसूर, बंगळूर, शिवमोगा व तुमकूर येथे त्यांनी नोकरी केली.

त्यांच्या विद्वत्तेच्या मानाने ही बालगीते किरकोळ, असे मानणारे रसिक असतात. मराठीतही बालवाङ्मयाकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळदा अशीच राहिली आहे. लहानांसाठी लिहिणे म्हणजे मोठ्यांसाठी लिहिण्याची उमेदवारी, हा समज दृढ आहे. राजरत्नम यांनी तो आपल्या आचरणाने खोडून काढला. एम. ए. झालेला, पुढे पालीत रमलेला हा माणूस पत्र्याच्या खेळण्यावर लिहिताना शब्दांची तितकीच पारख करीत होता.

विद्यार्थ्यांचे लेखन छापण्यासाठी त्यांनी बंगळुरात जी धडपड केली, तिचाही येथे निर्देश केला पाहिजे. नवशिक्या मुलांच्या कविता व लेख ते पुस्तकरूपाने काढीत आणि ती पुस्तके पिशवीत घालून स्वतः हिंडून विकीत. प्राध्यापकाने दारोदार पुस्तके विकावीत, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

1978 साली दिल्लीत भरलेल्या पन्नासाव्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यानंतर थोड्याच काळात, 13 मार्च 1979 रोजी, त्यांचे निधन झाले. रत्नची पदे पुढे म्हैसूर अनंतस्वामी यांच्या चालींनी घरोघरी पोहोचली. पिल्लाच्या गीताला मात्र मुलांनी कोणत्याही गायकाची वाट पाहिली नाही.