राधिकानं गुरुनाथला माफ करावं का?

आम्ही दिघीहून बोलतोय. आमच्या एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला भोसरीची एमआयडीसी. गटातल्या कितीतरी जणी कंपनीत पॅकिंगला जातात, कुणी शिलाई करतात, कुणी मसाले कुटून विकतात. दर वेळी या कार्यक्रमात कर्ज, हप्ता, व्याज यावर बोलणं होतं. आज गोष्टींवर बोलायचंय, आणि त्याही प्रेमाच्या गोष्टींवर. हसू नका, पुढं ऐका.

आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली माणसं घ्यायची आणि त्यांची गोष्ट आपल्या मनासारखी पुढं लिहायची, याला हल्ली फॅन फिक्शन म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी काम आपल्या आज्या-पणज्यांचं आहे. जात्यावर बसून त्यांनी सीतेची गोष्ट आपल्या परीनं सांगितलीच ना? काही ओव्यांत कैकेयी सासू होऊन सीतेकडून रावणाच्या अंगठ्याचं चित्र काढून घेते, बाकीचं चित्र स्वतः पुरं करते आणि रामाला नेऊन दाखवते. हा पेच वाल्मीकींचा नव्हे, तो सासरी नांदलेल्या बायांना सुचलेला. आपल्याच पुणे जिल्ह्यात मुळशीकडं हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढं गावोगावच्या मिळून त्या एक लाखाच्या वर गेल्या.

आमच्या गटात शिलाई करणारी एक जण मोबाईलवर असं लिहिते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका २०१६ ते २०२१ चालली, ती तिची फार लाडकी. नागपूरची राधिका, तिला फसवून शनायाच्या नादी लागलेला गुरुनाथ, मग राधिकानं उभा केलेला मसाल्यांचा धंदा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मालिकेत राधिकानं सौमित्रशी लग्न केलं, तेव्हाही घराघरांत वाद झाले होते. पोटच्या पोराची आई, तिनं दुसरं लग्न करावं का, असं विचारणाऱ्या बायकाच जास्त होत्या. गुरुनाथनं काय केलं हे त्या वेळी कुणी विचारलं नाही, असो.

आमच्या मैत्रिणीनं वेगळा शेवट लिहिला. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, की ती एक भाग वाचून दाखवायची. तिच्या गोष्टीत सौमित्र नाहीच. पुष्कळ वर्षांनी गुरुनाथ परत येतो आणि कळतं की त्याला जेवणातून काहीतरी चारलं होतं, तो भानावरच नव्हता. राधिका रडते, दार उघडते, गोष्ट संपते. दोघी-तिघींनी पदरानं डोळे पुसले. मग आमच्यातल्या एका मोठ्या बाईंनी विचारलं, “म्हंजे त्याचा काहीच गुन्हा न्हाई?” या बाईंना वाचता येत नाही. पण गोष्टीत कुठं पाणी मुरतंय ते त्यांना बरोबर कळतं.

हा प्रश्न जुना आहे. शकुंतलेची गोष्ट घ्या. महाभारतात दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी भर दरबारात तो म्हणतो, मी हिला ओळखत नाही. शकुंतला मुलाला घेऊन उभी असते आणि त्याला तिथंच सुनावते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा राजा म्हणतो, मला माहीत होतं, पण लोक काय म्हणाले असते! कालिदासानं यात दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणली. आता राजा खोटा राहिला नाही, बिचारा विसरलेला झाला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं ते कालिदासाचंच. म्हणून आपल्याला अंगठी ठाऊक आहे, दरबारातली ती बोलणारी बाई ठाऊक नाही. कालिदास थोरच, त्यात वाद नाही. पण त्या अंगठीनं सोडवलं कुणाला, ते पाहा.

देवलांच्या ‘संगीत शारदा’तही तसंच. १८९९ सालचं नाटक. म्हाताऱ्याशी लागणारं शारदेचं लग्न मोडतं, कारण दोघं एकाच गोत्राची निघतात. बरं झालं, सुटली पोर. पण गोत्र वेगळं निघालं असतं तर?

आमच्याकडं या गोष्टीवर तीन बैठका वाद झाला. तरण्या पोरींना गुरुनाथ नकोच होता. दुसऱ्या म्हणाल्या, लेकराला बाप लागतो, आणि एकट्या बाईला खोलीसुद्धा कुणी भाड्यानं देत नाही. हे काही खोटं नाही, इथं खोली शोधलेल्या कुणालाही विचारा. एकीनं तर सौमित्रला परत आणण्याचा ठराव मांडा म्हणून वही पुढं ओढली.

मग एक जण बोलली. ती एरवी हप्ता भरून उठून जाते. तिचा नवरा सहा वर्षं दुसरीकडं राहून परत आला होता. ती म्हणाली, “मी घेतला घरात. पण त्याला कुणी काही चारलं नव्हतं. तो त्याच्या मनानं गेला होता, आणि तसं त्यानं माझ्या आईसमोर कबूल केलं, तवा घेतला. खोलीचा करार आन् खातं माझ्याच नावावर हाय.” आम्ही कुणी काही विचारलं नाही. शिलाईवालीनं मात्र वही मिटली आणि म्हणाली, शेवट परत लिहिते.

तुमच्या गटात असं वाचन करणार असाल तर एक नेम आम्ही पाळतो तो सांगतो. वाद राधिकेवर घालायचा, कुणाच्या घरावर बोट दाखवायचं नाही. बाई आपणहून बोलली तर ऐकायचं, आणि ते बैठकीबाहेर न्यायचं नाही. शिकलेल्या मुलींनाही बसवा. मोबाईलवरच्या पुष्कळ गोष्टींत करारानं केलेलं लग्न असतं, रागीट श्रीमंत साहेब असतो. तो तिचा हात पिरगाळतो आणि पुढच्या भागात त्याचंच प्रेम होतं. पोरी ते एकट्या वाचतात. मोठ्यानं, दहा जणींत वाचलं की त्याच पोरी मध्येच थांबवून म्हणतात, हा कसला हिरो!

शिलाईवालीचा नवा भाग अर्धा झालाय. गुरुनाथ अजून दारातच उभा आहे, चारलेलं औषध तिनं काढून टाकलंय. आता तो स्वतःच्या तोंडानं काय बोलणार, तिथं ती अडकलीय. सौमित्रवाल्या अजून हटून बसल्यात.