धंदा, हालचाल आणि दुखणें

(फवारणीच्या हंगामापूर्वीं यवतमाळ जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत झालेलें व्याख्यान)



आम्ही आज व्यायामावर बोलणार असें कळतांच एका म्हाताऱ्या बाबांनीं विचारलें, "गुरुजी, दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आम्हांस युरोपच्या जुन्या इतिहासांत सांपडलें.

मध्ययुगांत तिकडचे वैद्य सांगत कीं, निरोगी राहाणें सहा गोष्टींच्या हातीं आहे: हवा, अन्नपाणी, झोंप व जागरण, हालचाल व विश्रांति, मलमूत्राचा निचरा आणि मनाची स्थिति. १५६९ सालीं मेर्कुरिआले नांवाच्या इटालियन वैद्यानें व्यायामावर मोठा ग्रंथच काढला. उपदेश चांगला, पण तो पाळण्याइतकी फुरसत सरदार-सावकारांना. राबणाऱ्याच्या अंगाचा विचार कोण करणार?

तो रामात्सिनी नांवाच्या वैद्यानें केला. इटलींतील मोडेना शहरांत त्याच्या घरचा शौचकूप उपसणारा मजूर जिवाच्या आकांतानें घाई करीत होता. वैद्यानें कारण विचारलें. मजूर म्हणाला, इथें जास्त वेळ राहिलें कीं डोळे जातात. वैद्यानें त्याचे लाल, मंदावलेले डोळे पाहिले आणि मग तो कारागिरांच्या दुकानोदुकानीं फिरूं लागला. १७०० सालीं त्यानें धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ छापला. बसून शिवणाऱ्या शिंप्याचे पाय बधिर होतात, जोडे शिवणाऱ्याची पाठ वांकते, झिलई देणाऱ्या कुंभाराचे हात शिशानें कांपतात, धान्य चाळणाऱ्याला धुळीनें खोकला लागतो, असें त्यांत आहे. बैठ्या धंद्याच्या लोकांनीं निदान सुटीच्या दिवशीं तरी अंग हलवावें, असें त्यानें सांगितलें. आणि वैद्यांना बजावलें कीं, रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा: तुझा धंदा कोणता?

बाबा, हेंच तुमचें उत्तर. राबणें वेगळें आणि व्यायाम वेगळा. धंदा एकच हालचाल हजार वेळां करवितो. व्यायाम उरलेलें अंग मोकळें करतो. शिंप्यानें मधून मधून उठून चार पावलें चालावें. निंदणाऱ्या बाईनें तास संपला कीं कंबर सरळ करून उभें राहावें. याला पैसा लागत नाहीं.

पण कांहीं धंद्यांत व्यायामानें भागत नाहीं. पाऊल कोणीकडे टाकावें हेंच कळावें लागतें. २०१७ सालच्या पावसाळ्यांत आपल्या जिल्ह्यांत काय झालें तें विसरूं नका. पऱ्हाटी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तींत शिरणाऱ्याच्या तोंडावर औषध येई. शेंकडों लोक दवाखान्यांत गेले, वीसांहून अधिक दगावले. कित्येकांच्या डोळ्यांपुढें अंधार आला. मोडेनाच्या मजुराचे डोळे आणि आपल्या फवारणाऱ्याचे डोळे यांत तीनशें वर्षांचें अंतर. दुःख मात्र एकच!

म्हणून ऐका. वाऱ्याच्या तोंडावर चालत फवारूं नका. भर उन्हांत फवारूं नका. दोन-चार औषधें मनानें मिसळूं नका. तुंबलेली तोटी तोंडानें फुंकूं नका. डब्यावरील तांबडा त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. तोंड, हात व अंग झांकल्याशिवाय पंप उचलूं नका. काम होतांच साबणानें अंघोळ करा व ते कपडे निराळे धुवा. शेतमालकांनो, मजुराला मजुरी देतां तसे हातमोजे व तोंडपट्टीही द्या. दोन्ही त्याच्या हक्काचीं आहेत.

आणि दवाखान्यांत जाल तेव्हां औषधाचा डबा दाखवा. डॉक्टरांनीं विचारो वा न विचारो, आपला धंदा कोणता तें आपण होऊन सांगा. आपल्या दुखण्याचें मूळ पुष्कळदां तिथेंच असतें.