केसांची जुनी बाकी



आमच्या घराण्यात सरळ केसांची परंपरा नाही. माझ्या आईने शिकेकाई, खोबरेल आणि लाकडी फणी एवढ्या शिबंदीवर ज्या कुरळ्या केसांशी आयुष्यभर झुंज दिली, तेच केस वारसाहक्काने माझ्या भाचीकडे आले; परंतु तिने त्या झुंजीचा मक्ता एका पार्लरला दिला आणि दर सहा महिन्यांनी तेथे जाऊन ती केस गुळगुळीत करून घेऊ लागली. पहिल्या वर्षी ते रेशमासारखे झाले. तिसऱ्या वर्षी मात्र, तोच हात, तीच बाटली आणि तीच इस्त्री असताना, टोकाशी ते केरसुणीसारखे का होतात, असा प्रश्न तिने मला केला. रसायनशास्त्र शिकवण्यात उमर घालवलेल्या मामाला भाच्या असेच प्रश्न विचारतात.

उत्तर केसाच्या वयात आहे. केस दरमहा सुमारे सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे 45 सेंटीमीटर लांबीच्या, पाठीवर रुळणाऱ्या केसाचे टोक हे तीन वर्षांपूर्वी डोक्याबाहेर पडलेले असते. भाचीच्या केसाचे टोक या हिशेबाने सहा वेळा औषधात भिजले होते व सहा वेळा तापल्या पट्ट्यांत सापडले होते, खांद्याजवळचा भाग त्याच्या निम्म्याने, आणि मुळाशी नव्याने आलेली चार बोटे मात्र कोरी होती. कातडीला ओरखडा गेला तर महिन्याभरात नवी कातडी येते. केसाचा जीव मात्र मुळाशीच संपतो आणि बाहेर येते ते केराटिन नावाचे निव्वळ निर्जीव प्रथिन, ज्याच्या दप्तरात पडलेली नोंद पुढे कोणत्याही उपायाने खोडता येत नाही. पार्लरच्या दरपत्रकात प्रत्येक खेप स्वतंत्र आकारली जाते, केस मात्र मागील बाकी ओढून घेऊनच पुढल्या खेपेला बसतो.

आता ही नोंद कशाची, ते पाहू. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट नावाचे द्रव्य केसाच्या अंतरंगातील गंधकाचे दुवे तोडते, मग सरळ ताणलेल्या स्थितीत पेरॉक्साइडने ते पुन्हा जोडले जातात. परंतु तोडलेले सगळेच दुवे परत जुळत नाहीत, म्हणून जाणता कारागीर जुन्या केसाला हात न लावता फक्त मुळाशी ‘टचअप’ करतो. केराटिन म्हणून जो प्रकार चालतो, त्यात फॉर्मल्डिहाइडसारखे द्रव्य लावून सुमारे 230 अंश सेल्सिअसची इस्त्री फिरवतात, आणि ती बहुधा दर खेपेस मुळापासून टोकापर्यंत फिरते. केसावरचे कौलांसारखे खवले प्रत्येक तापात थोडे उचलतात, थोडे झडतात. आणि खालचे तंतू उघडे पडले की केसांना फाटे फुटतात, तेही अक्षरशः.

ज्या ब्राझीलमधून ही केराटिनची पद्धत जगभर गेली, तेथे तिला ‘एस्कोवा प्रोग्रेसिवा’, म्हणजे चढत्या क्रमाने परिणाम करणारा ब्रश, असे म्हणतात. मला हे नाव फार प्रामाणिक वाटते. त्याच देशाच्या सरकारने केसांच्या प्रसाधनांत फॉर्मल्डिहाइड केवळ टिकाऊपणापुरते, 0.2 टक्क्यापर्यंत मान्य केले, आणि लोक ते औषधांच्या दुकानातून आणून केसांच्या औषधात मिसळू लागले तेव्हा 2009 साली त्या विक्रीलाच मनाई केली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव्य 2004 मध्ये मनुष्यास निश्चित कर्ककारक ठरवले होते.

मग ग्लायॉक्सिलिक आम्ल पर्याय म्हणून पुढे आले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तान्तात एका 26 वर्षांच्या तरुणीची हकिकत आहे : 2020, 2021 आणि 2022 अशी तीन वर्षे केस सरळ करून घेतले, आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली. तिच्या मूत्रपिंडांनी, जिवंत अवयव असल्यामुळे, दर खेपेस स्वतःला सावरले. केसांना ती सोय नाही.

हे सारे सांगून झाल्यावर भाचीने वीतभर केस कापून टाकायचे ठरवले आणि मला बरोबर नेले. शेजारच्या खुर्चीवर कोणाचे तरी केराटिन चालले होते; इस्त्री फिरली की पांढरा धूर उठे, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आले. इस्त्री फिरवणाऱ्या मुलीने ओढणी नाकावर बांधली होती. गिऱ्हाईक वर्षातून दोनदा हा धूर घेते, ही दिवसातून तीनदा घेत असेल, असे मनात येऊन मी तिला विचारले, “ताई, डोळे चुरचुरत नाहीत का?”

“पहिले सहा महिने चुरचुरायचे, काका,” ती म्हणाली, आणि भाचीची कापलेली टोके केरसुणीने गोळा करू लागली.