एकाच्या डोक्यातलं सगळ्यांच्या पानावर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'विकी' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विकी म्हटलं की विकिपीडिया आठवतो, आणि विकिपीडिया म्हटलं की मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट. पण विकी त्याहून जुनी. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९५ साली पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं नाव 'विकी विकी'. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. तेच नाव त्याने घेतलं. कल्पना अगदी साधी: जो पान वाचतो, त्यालाच ते तिथल्या तिथे दुरुस्त करता यावं. पुढे २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया.

कोणीही लिहायचं म्हटल्यावर पहिली शंका येते, मग कोणीही बिघडवेल की! बिघडवतात ना. पण विकीच्या पानावर 'इतिहास पहा' अशी एक जागा असते. कोणी, कधी, कुठला शब्द बदलला ते तिथे दिसतं, आणि जुनं पान एका क्लिकवर परत आणता येतं. खोडलेलं खोडलं जात नाही. माझ्या मते विकीचा सगळा जीव या इतिहासात आहे. आपल्या सोसायटीत "असं ठरलंच नव्हतं" यावर ज्या सभा रंगल्या, त्या आठवून बघा.

मराठी माणसाला मिळून ज्ञान लिहिणं नवं नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यासाठी मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकले. म्हणजे आपल्यासारखेच तेही भागधारकांच्या जिवावर! काम प्रचंड झालं, पण छापलेल्या खंडात राहिलेली चूक पुढची आवृत्ती निघेपर्यंत तशीच राहणार. तिथे विकीची सोय मोठी.

पण नुसतं पान उघडं ठेवून भागत नाही, लिहिणारा लागतो. मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातल्या गावांची हजारो पानं आहेत. त्यांतली कितीतरी उघडून बघा: 'लोकजीवन', 'प्रेक्षणीय स्थळे', 'नागरी सुविधा' असे मथळे दिसतात आणि खाली काहीच नाही. पाटी लावलेली, शटर कायम बंद, अशा गाळ्यासारखी अवस्था. आपल्या घरात पाणी येतं, दूध येतं, कामाला माणसं येतात ती आसपासच्या गावांतूनच. त्यांच्याविषयी लिहायला परदेशातून कोण येणार?

आता घरचं उदाहरण. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये रात्री अकराच्या सुमारास बी विंगची मुख्य पाइपलाइन फुटली. पंप बंद केला, तरी वरच्या टाकीचं पाणी जिन्यावरून वाहत होतं. वॉल्व्ह कुठे? कमिटीत कोणालाच ठाऊक नाही. नकाशाच्या फायलीत दाखवला होता तिथे आता सायकल स्टँड आहे. शेवटी वयामुळे काम सोडून गावी गेलेल्या आपल्या जुन्या वॉचमनकाकांना फोन लावला. ते झोपेतून उठून म्हणाले, "चाफ्याच्या मागं तिसरी फरशी उचला, खाली लोखंडी झाकण हाय." पाच मिनिटांत पाणी थांबलं. सगळ्यांनी काकांचं कौतुक केलं, फोटोसह ग्रुपवर टाकलं. आता तो मेसेज शोधून दाखवा! त्यावर दोन वर्षांचे गुड मॉर्निंग चढले आहेत.

व्हॉट्सॲप म्हणजे चावडीवरच्या गप्पा. त्या हव्यातच, पण गप्पांचं दप्तर होत नाही. व्यवस्थापक समिती पाच वर्षांनी बदलते, आणि दर वेळी नवी मंडळी तीच चौकशी पहिल्यापासून करतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणत्या साली झालं, कुठल्या भागाचं राहिलं, ड्रेनेजचे चेंबर किती आणि कुठे, कन्व्हेयन्ससाठी कोणते कागद जमवले. हे सगळं माहीत असलेली माणसं आपल्यात आहेत. पण पंचवीस वर्षांपूर्वी, पौड रस्त्याला अंधार पडल्यावर रिक्षा यायला तयार नसायची तेव्हा राहायला आलेल्या पहिल्या सभासदांपैकी काहीजण आज आपल्यात नाहीत. त्यांच्याबरोबर काय काय गेलं, याची यादीही करता येणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की सोसायटीची स्वतःची एक छोटी विकी असावी. विकिपीडियावर आपल्या वॉल्व्हला जागा मिळणार नाही, आणि मिळूही नये. डोकूविकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही, पानं साध्या मजकुराच्या फायलींत राहतात. पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवता येतात. उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी मजकूर वाचता येईल. ज्यांना टाइप करायचा कंटाळा, त्यांनी फोनच्या कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून मराठीत बोलावं, अक्षरं उमटतात. शुद्धलेखन नातवंडं बघतील, किंवा उलटही होईल.

काही गोष्टी मात्र तिथे नकोत. थकबाकीदारांची नावं नकोत, सभासदांचे फोन नंबर नकोत, कॅमेऱ्यांचे पासवर्ड तर नकोतच. आणि सभेचं इतिवृत्त विकीवर लिहायचं नाही. ते कायद्याप्रमाणे सहीनिशी वहीतच राहणार. उद्या तंटा झाला तर वही लागते. विकीवर पार्किंगवरून भांडण होणार, हे मी आजच सांगतो. त्यासाठी प्रत्येक पानाला जोडून 'चर्चा' पान ठेवायचं. पानावर ठरलेली गोष्ट, चर्चेत भांडण, आणि चर्चेत लिहील त्याने खाली स्वतःचं नाव घालायचं. विकिपीडियावर वर्षानुवर्षं हेच चालतं.

आता थोडं सोसायटीच्या गेटबाहेरचं. आपण ज्या तालुक्यात राहतो, तिथे १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव इथल्याच लढ्यात मिळालं. धरण शेवटी झालं, मुंबईला वीज मिळाली, इथली भातखाचरं आणि घरं पाण्याखाली गेली. यावर पुस्तकं आहेत: विनायकराव भुस्कुट्यांचं मराठीत, राजेंद्र व्होरांचं इंग्रजीत. त्यांत पुढाऱ्यांची नावं सापडतात. पण कोणतं घर कुठल्या गावातून उठून कुठे गेलं, देव कुठे नेऊन बसवला, हे अजून त्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. आपल्याकडे येणाऱ्या एका मावशींच्या आजेसासऱ्यांची जमीन धरणात गेली. मी विचारलं तेव्हा त्या तासभर बोलत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "हे कुणी विचारलंच नव्हतं."

ही ऐकीव माहिती विकिपीडिया घेत नाही. त्याला प्रसिद्ध झालेला, तपासता येणारा संदर्भ लागतो. नियम जाचक वाटतो, पण नसता तर प्रत्येकाने आपल्या खापरपणजोबांना सेनापती केलं असतं. म्हणून या आठवणी आपल्या विकीवर स्वतंत्र विभागात ठेवू: सांगणाऱ्याच्या परवानगीने, कोणी कधी सांगितलं ते नोंदवून, त्यांच्याच शब्दांत. दोन घरांच्या हकिगती जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवायच्या. पुढे एखादा अभ्यासक आला तर त्याला धागा मिळेल. गावांच्या पानांवरचे रिकामे मथळे मात्र आज भरता येतात. ग्रामपंचायतीची माहिती, जनगणनेचे आकडे, आपण स्वतः काढलेले देवळांचे फोटो, यांना कोणाची हरकत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा उचलून टाकू नका, एवढंच.

तीन पानं मी सुरू करून ठेवली आहेत: 'पाण्याचे वॉल्व्ह', 'गच्ची' आणि 'पहिले सभासद'. पहिल्यात वॉचमनकाकांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत आहे. त्यांना फोनवर वाचून दाखवलं, तर त्यांनी लगेच चूक काढली. फरशी तिसरी नव्हे, भिंतीकडून मोजली तर चौथी. 'इतिहास पहा' मध्ये ती दुरुस्ती त्यांच्या नावावर आहे. तिसरं पान अजून कोरं आहे. रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या ऑफिसमध्ये लॅपटॉप घेऊन बसतो. जुन्या पावत्या, फोटो, ताबा मिळाल्याची पत्रं, जे असेल ते घेऊन या. चहा कमिटीकडून आहे, चेअरमनसाहेबांनी आत्ताच मान हलवली.