विरजण संपवू नका

साथीची बातमी आली की आपल्या हैदराबादच्या गौलीगुड्यात दोनच आवाज ऐकू येतात. घरातून, ‘कुठं जायचं नाही.’ ट्रॅव्हल्सवाल्याकडून, ‘काही नाही हो, बिनधास्त चला!’ माझं भांडण या दुसऱ्याशी आहे.

घरात दही कसं लावता? दूध कोमट हवं. कढत दुधात विरजण घातलं तर नासतं, थंडगार दुधात लागत नाही. प्रवाशाचा विश्वास असाच आहे. ‘बिनधास्त’ म्हणजे कढत दूध. कुलूप लावून फोनही न उचलणं, हे थंड. कोमट म्हणजे जायचं तिथं साथ कितपत आहे, जवळचा दवाखाना कुठला, अर्ध्यातून परतायचं झालं तर गाडी कोणती, हे आधीच सांगणं.

१९९४ आठवा. त्याच वर्षी मोठं बसस्थानक आपल्या पत्र्याच्या हँगरमधून इमलीबनला गेलं. आणि त्याच वर्षी बीडच्या मामला गावात, मग सुरतेत प्लेग. वेळेवर औषध मिळालं तर बरा होणारा रोग, पण अफवा औषधाच्या पुढे धावली. सुरतेतून लाखो लोक पळाले, काही परदेशी विमान कंपन्यांनी भारताच्या फेऱ्या थांबवल्या.

उलट २ मार्च २०२० ला तेलंगणातला पहिला करोना रुग्ण जाहीर झाला, तेव्हा तो बंगळुरूहून बसने आल्याचं सांगितलं, सहप्रवासी शोधले. भीती वाटलीच. पण कशाची, ते तरी कळलं.

आता विरजणाचं. थोडं राखून ठेवलं तरच पुढचं दही लागतं. त्याच वर्षी आषाढीला माउलींच्या, तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२१ लाही बसच. २०२२ ला पायी वारी निघाली आणि रस्ते पुन्हा भरले. वाटीभर विरजण राखलं होतं म्हणून, असं मला वाटतं. वारी श्रद्धेची, सहलीचा धंदा पोटाचा, हे मान्य. पण तुळजापूर-गाणगापूरच्या सहली काढणाऱ्यांनो, दरवर्षी येणारी पाच-दहा कुटुंबं हेच तुमचं विरजण. साथीत त्यांना गाडीत बसवू नका, पण फोन करा, खरं सांगा. पुन्हा सांगतो, कोमट! ‘काही नाही हो’ नको.

आगाऊ रकमेचं राहिलंच. सहल रद्द झाली तर ती मागितल्याशिवाय परत करा. आणि गिऱ्हाइकांनो, तुम्हीसुद्धा ड्रायव्हरच्या बुडालेल्या रोजाचा थोडा विचार करा.